झोपेवर देखरेख

काही माणसांना झाकण दिसलं की ते उघडावंसं वाटतं. भात शिजत असला की ती झाकण काढून बघतात, विरजण लागलं का हे पातेलं हलवून तपासतात आणि जेवणानंतर पाहुणा जरा लवंडला, तर त्याच्या खांद्याला हात लावून विचारतात, "लागली का झोप?" यात दुष्टपणा तिळमात्र नसतो. असलीच तर मायाच असते. पण ही माया काळजातून निघून थेट बोटांत उतरलेली असते आणि बोटांना स्वस्थ बसणं माहीत नसतं. अशा माणसाला गावोगावी वेगळं नाव असतं. आमच्या पवनानगरात त्याला आप्पा म्हणतात.

पवनानगर म्हणजे धरणाच्या निमित्तानं वसलेलं गाव. जुनी माणसं अजून काळे कॉलनीच म्हणतात. 1972 साली पवना धरण झालं, पाणी अडलं, आणि त्या पाण्याकाठी आता शनिवार-रविवारी शहरातली माणसं तंबूत झोपायला येतात. एका अंगाला लोहगड आणि विसापूर, दुसऱ्या अंगाला तिकोना, पाण्यापलीकडे तुंग. एवढे चार किल्ले आसपास असताना राखण करायला निराळा माणूस कशाला हवा? पण आप्पांना तसं वाटत नाही. चौकात कुणी गाडी मागं घेऊ लागला की आप्पा हॉटेलातला चहा अर्धा टाकून उठतात आणि "येऊ द्या, येऊ द्या" करत हात हलवू लागतात. त्या गाडीला मागं कॅमेरा असतो, चालकाला पंधरा वर्षांचा सराव असतो, तरी आप्पांनी "बास!" म्हटल्याशिवाय गाडी थांबली असं धरत नाहीत. तळ्याकाठी फेरी मारताना तंबूची खुंटी घट्ट बसली आहे की नाही, हे ते उपटून बघतात. मग ती पुन्हा ठोकून देतात आणि पर्यटकाला सांगतात, "आता घट्ट झाली."

या स्वभावाला पोसणारी नोकरी त्यांना मिळाली, हे त्यांचं भाग्य म्हणायचं की त्यांच्या बायकोचं, म्हणजे आक्कांचं, दुर्भाग्य, हे ठरवणं अवघड आहे. मावळात गुलाबाची पॉलिहाऊस पुष्कळ. त्यांतल्या एका ठिकाणी आप्पा सुपरवायझर होते. गुलाबाच्या धंद्यात वर्षाला एकच सण, 14 फेब्रुवारी. परदेशात जाणारा माल जानेवारीच्या अखेरीपासून निघायला लागतो. त्याच्या दीड-दोन महिने आधी छाटणी, मग फुटवा, मग कळी. दांडी किती सेंटिमीटर झाली ते मोजायचं, कळी उमलायच्या आत कात्री लावायची, प्रतवारी करायची, आणि फुलं लगेच दोन ते चार अंशांच्या कोल्ड रूममध्ये न्यायची. झाडाला काय वाटतं, हे त्या नोकरीत कुणी विचारत नाही. चौदा तारखेला लंडनमध्ये कुणाला काय वाटणार आहे, ते आधी ठरलेलं असतं, आणि झाडानं त्याप्रमाणे वागायचं असतं. आप्पांनी सगळी उमेद झाडांना वेळेवर उठवण्यात घालवली. एकही हंगाम चुकला नाही, हे ते आजही सांगतात. विचारलं नाही तरी सांगतात.

मग निवृत्ती आली. पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातल्या भेंड्यांची लांबीप्रमाणे प्रतवारी केली. दुसऱ्या आठवड्यात आक्कांनी पुण्याला शेतकी कॉलेजात शिकणाऱ्या नातीला फोन लावला. "तुझ्या आजोबांना कसला तरी नाद लाव गं. एखादं झाड आण. पण असं आण, की त्याच्याकडं खूप बघावं लागेल."

नातीनं आणलेलं झाड तळहातावर मावेल एवढ्या कुंडीत होतं. व्हीनस फ्लायट्रॅप. गावानं त्याचं नाव एका दिवसात सोपं करून टाकलं: माशीखाऊ. आप्पा मात्र त्याला "पोर" म्हणू लागले, आणि तिथंच पोराचं ग्रहमान फिरलं.

या झाडाच्या प्रत्येक पानाच्या टोकाला दोन झडपा असतात, कडेला दाते असतात आणि प्रत्येक झडपेच्या आत साधारण तीन बारीक केस असतात. एका केसाला एकदा धक्का लागला तर झाड ढिम्म हलत नाही. सुमारे वीस सेकंदांच्या आत दुसरा धक्का लागला तरच झडप मिटते, पण मिटते ती डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच. मिटल्यावरही आतलं धडपडणं चालूच राहिलं, तरच पाचक रस सुटू लागतात. वाऱ्यानं आत पडलेल्या कस्पटासाठी पोट खर्ची घालायचं नाही, असा त्या झाडाचा काटकसरी हिशेब आहे. नातीनं हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा आक्का तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "दोनदा खात्री केल्याशिवाय तोंड हलवत नाही. शिका काहीतरी."

आप्पांनी या माहितीतून नेमकं एवढंच उचललं की, काडी दोनदा फिरवली की झडप मिटते. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या खिशात आगपेटीतली काडी आली. पोस्टमन आला, काडी. दूधवाला आला, काडी. तंबूवाल्यांकडे निघालेली पोरं पत्ता विचारायला थांबली, त्यांना आधी पोर दाखवलं आणि मग पत्ता. या झाडाचं एक पान जन्मात मोजक्याच वेळा मिटू शकतं, मग थकून काळं पडतं, आणि पोकळ मिटलेलं पान पुन्हा उघडायलाच दिवसभर घेतं. गणपती येईपर्यंत पोराची सगळी तोंडं मिटलेली होती. आरतीला आलेल्यांना आप्पा म्हणाले, "पोट भरलंय त्याचं."

पोट मात्र भरलेलं नव्हतं. पोराला भरवण्याचे प्रयोग झाले होते खरे. भाकरीचा चुरा झाला, उकडलेल्या अंड्याचा कण झाला, कामशेतहून आणलेल्या मटणाचा शेंगदाण्याएवढा तुकडाही झाला. ज्या पानाला मटण मिळालं ते चार दिवसांत कुजलं. नातीनं फोनवर रागे भरल्यावर आप्पांनी तिलाच विचारलं, की तो तुमचा डार्विन काय करत होता? कारण तिनंच कधीतरी सांगितलं होतं, की डार्विननं 1875 साली कीटकभक्षी वनस्पतींवर अख्खं पुस्तक लिहिलं आणि त्यासाठी या झाडांना मांस, अंड्याचा पांढरा बलक, अगदी चीजसुद्धा घालून पाहिलं. "तो घालतो ते शास्त्र, आणि मी घालतो ते खरकटं?" नात म्हणाली, "आजोबा, त्यानं काय झालं ते लिहून ठेवलं." त्या दिवसापासून आप्पांनी वही घातली. पहिल्या पानावर नोंद आहे: "सकाळी सहा. काडी लावली. मिटले. समाधानकारक."

पाण्याचा विषय वेगळाच निघाला. या झाडाला क्षार अजिबात सोसत नाहीत. पावसाचं पाणी हवं, नाहीतर क्षार काढलेलं. मावळात पाऊस चार महिने असा कोसळतो की पागोळ्यांखाली पिंप ठेवलं तर ते रिकामं कसं ठेवायचं हाच प्रश्न पडतो, त्यामुळे पाण्याची ददात नव्हती. पण क्षारांचा आकडा पन्नासाच्या आत असलेलं पाणी म्हणजे नेमकं कसलं, हे कळावं म्हणून नातीनं टीडीएस मीटर आणून दिला, आणि घरात नवा जाच सुरू झाला. आप्पांनी पिंपातलं पाणी मोजलं, नळाचं मोजलं, धरणाचं मोजलं. मग चहा मोजला. मग वरण मोजलं. आक्कांच्या आमटीनं मीटरची सगळी मर्यादा ओलांडली, तेव्हा आप्पा चिंतेनं म्हणाले, "हे पोराला घातलं तर मरेल." आक्का म्हणाल्या, "पोराच्या बापाला इतकी वर्षं घालतेय. काही झालं नाही."

इथवर सगळं ठीक होतं, कारण पाऊस असेपर्यंत झाडालाही काही ना काही करायचंच असतं. खरी कसोटी दिवाळीनंतर लागली. पोर खुजं होऊ लागलं. नवी पानं आखूड, मातीला चिकटलेली. जुन्या पानांची टोकं काळी पडू लागली, मग अख्खी पानंच काळी. आप्पांनी आयुष्यभर पॉलिहाऊसमध्ये जे शत्रू पाहिले होते, ते सगळे त्या चार इंची कुंडीत शोधले. भुरी नव्हती, डाऊनी नव्हती, थ्रिप्स नव्हते, लाल कोळी नव्हता. शेवटी निदान झालं: उपासमार. आप्पांनी माळ्यावरून 19:19:19 खताची पुडी काढली.

नशीब असं, की नात तेव्हा घरीच आली होती. तिनं पुडी हातातून काढून घेतली. हे झाड मूळचं अमेरिकेतलं, नॉर्थ आणि साऊथ कॅरोलायनाच्या किनारपट्टीतलं. विल्मिंग्टन शहरापासून जेमतेम शंभर-दीडशे किलोमीटरच्या आतला पट्टा, एवढाच त्याचा मुलूख. 1759 साली तिथल्या गव्हर्नरनं, आर्थर डॉब्सनं, त्याची पहिली खबर पत्रातून इंग्लंडला कळवली. तिथली दलदल इतकी कंगाल, की नत्रासाठी झाडाला माशा धराव्या लागतात. म्हणून खत घातलं की मुळं जळतात. आणि तिथं हिवाळ्यात हिमकण पडतात, दिवस दहा तासांच्याही आत येतो. तेव्हा हे झाड पानं टाकून देतं आणि मातीखालच्या पांढऱ्या गड्ड्यात जीव आवरून घेतं.

"म्हणजे ते आजारी नाही, आजोबा. त्याला झोप आलीय."

"दिवसा?"

"तीन-चार महिने."

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. पहाटे पाचनंतर झोपलेल्या माणसाला ताप आहे का ते बघावं, अशी त्यांची वैद्यकीय मतं. त्यात तीन-चार महिने! "आणि नाही झोपू दिलं तर?"

"पहिल्या वर्षी तग धरेल. दुसऱ्या वर्षी आणखी रोडावेल. मग एक दिवस उठणारच नाही."

"आपल्याकडं आलंय ना ते? मग आपल्या रीतीनं राहायचं. आपल्याकडं कुठलं झाड असं लोळत पडतं?"

यावर आक्कांनी, ज्यांनी वनस्पतिशास्त्राचं एक अक्षर वाचलेलं नाही, विळी बाजूला ठेवून विचारलं, "परसातल्या सुरणाचं पान थंडीत पिवळं पडून लोळतं, तेव्हा तुम्ही त्याला उठवायला जाता का? हळदीचा पाला वाळला, की खत घालता का खणून काढता?" आप्पांना सुरण माहीत होता, हळद माहीत होती. पहिल्या पावसात रानात उगवून येणारी शेवळंसुद्धा आठ-नऊ महिने मातीत दडी मारून असतात, हेही माहीत होतं. नातीनं आणखी भर घातली, की आपल्या सह्याद्रीच्या सड्यांवरही माशीखाऊ मंडळी आहेत. चिकट केसांचा दवबिंदू आहे, पाण्यातले बारीक जीव मटकावणारी जांभळी सीतेची आसवं आहेत. त्यांतली बहुतेक पावसाच्या शेवटी फुलतात, बी टाकतात आणि उन्हाळाभर बी होऊन पडून राहतात. प्रत्येकाची विश्रांती असते. कुणाची उन्हात, कुणाची थंडीत.

"मग माणसाची कधी?" आप्पांनी विचारलं. आक्का म्हणाल्या, "माणसाची तुम्ही घराबाहेर पडलात की."

पहिल्या हिवाळ्यात आप्पांनी पोराच्या झोपेची सोय स्वतःच्या मनानं केली. थंडी बाधू नये म्हणून कुंडी चुलीजवळच्या कोनाड्यात आणली आणि तिला कानटोपीची जुनी लोकर गुंडाळली. त्या उबेत पोर झोपलंच नाही. लांबुळकी, फिकट, बिनजोराची पानं काढत जागरण करत राहिलं, आणि मार्चमध्ये सगळी झाडं पालवली तेव्हा हे पेंगत होतं.

दुसऱ्या हिवाळ्यात नातीच्या सांगण्यावरून कुंडी बाहेर ओट्यावर गेली. बेत चुकीचा नव्हता. डिसेंबर-जानेवारीत धरणाकाठच्या रात्री चांगल्याच बोचऱ्या असतात, पारा दहाच्या आसपास खाली येतो. पण दुपारी तोच पारा पुन्हा अठ्ठावीसच्या पुढं जातो. आणि आपल्याकडचा लहानात लहान दिवसही अकरा तासांचा. म्हणजे झाडाला रात्री वाटायचं झोपावं, दुपारी वाटायचं उठावं. एवढ्या द्विधेतूनही त्यानं मार्ग काढला असता, पण आप्पांनी वर दिवा लावला. अंधारात पोर झोपलं की नाही हे दिसणार कसं? म्हणून ओट्यावर रात्रभर बल्ब. जी दिवसाची लांबी कमी झाली की झाडाला हिवाळा उमगतो, तीच आप्पांनी चोवीस तासांवर नेली. शिवाय रात्री अडीचला उठून टॉर्चनं पाहणी. वहीत नोंद आहे: "रात्री अडीच. अजून जागे आहे. कारण समजत नाही."

तिसऱ्या वर्षी उरलं होतं ते पोर नव्हे, पोराची आठवण. तीन पानं आणि एक गड्डा. नातीनं ठरवलं, आता फ्रिज. ज्यांच्याकडे धड थंडी नसते किंवा झाड घरात असतं, ते लोक हेच करतात. नोव्हेंबरच्या मध्यावर झाड मातीतून काढायचं, मुळं पावसाच्या पाण्यात धुवायची, काळी पानं कापायची, बुरशीनाशकाच्या पाण्यातून काढायचं, दमट शेवाळात गुंडाळायचं आणि पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवायचं. तीन-चार अंश तापमान, अंधार, तीन महिने. महिन्यातून एकदा उघडून बुरशी आली का बघायचं. एरवी हात लावायचा नाही.

"तीन ते चार अंश?" आप्पांचे डोळे चमकले. "म्हणजे कोल्ड रूम!" आता ते स्वतःच्या राज्यात आले. फ्रिजमध्ये थर्मामीटर लागला. दारावर तक्ता चिकटला. कोथिंबीर, खवलेला नारळ, विरजण आणि मोदकाची उरलेली पिठी यांची नवी मांडणी जाहीर झाली. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा अशा तपासण्या सुरू झाल्या. दर तपासणीला दार उघडं ठेवून पिशवी बाहेर काढायची, उजेडात धरायची, नखानं गड्डा दाबून बघायचा, "गाढ आहे" म्हणायचं आणि परत ठेवायची. मध्ये एकदा दिवसभर लाईट गेली, तेव्हा गारवा टिकावा म्हणून आप्पांनी फ्रिजला गोधडी पांघरली. पाहुण्यांना वाटलं, फ्रिज आजारी आहे.

आठवडाभर हे पाहिल्यावर आक्कांनी एका दुपारी, आप्पा चौकात कुणाची तरी गाडी मागं घ्यायला गेलेले असताना, एक काम केलं. पिशवीतला गड्डा काढला, वेगळ्या पिशवीत शेवाळासकट घातला आणि भाजीच्या खणात आल्याच्या डब्यात ठेवून दिला. तिथं आप्पांचा हात कधी जात नाही, कारण तो खण उघडणाऱ्यानं मेथी निवडायची असते, असा घरातला कायदा आहे. आणि आप्पांच्या पिशवीत, त्यांच्या शेवाळात, त्यांच्या तक्त्याखाली आक्कांनी एक सोललेला लसूण ठेवला. चांगला पांढरा, टपोरा, बुडाशी मुळ्या असलेला.

पुढचे दोन महिने पवनानगरात लसणाच्या झोपेवर जेवढी नजर होती तेवढी धरणाच्या पाणीसाठ्यावरही नसेल. दिवसाला चार नोंदी. "रंग चांगला." "घट्टपणा वाढला." "वास किंचित उग्र, झोपेत येत असावा." नात मध्ये एकदा परत आली तेव्हा आक्कांनी तिला स्वयंपाकघरात नेऊन आल्याचा डबा दाखवला. तिनं खरी पिशवी उघडून बुरशी नसल्याची खात्री केली, बंद केली आणि बाहेर येऊन आजोबांची वही गंभीर चेहऱ्यानं वाचली. "आजोबा, एवढी नोंद तर डार्विननंही ठेवली नसेल."

पण झोपेचंही एक शास्त्र असतं, आणि लसणाचं शास्त्र माशीखाऊच्या उलट. गारव्यात राहिलेला लसूण लवकर जागा होतो. जानेवारीत एका सकाळी सहाच्या तपासणीला आप्पांची हाक आळीभर गेली. "कोंब! कोंब आला!" हिरवा, टोकदार, सरळ. हंगामाच्या महिनाभर आधी. आप्पांनी पॉलिहाऊसमध्ये कधीही न केलेला विक्रम. नातीला फोन लागेपर्यंत त्यांनी गड्डा पीटमध्ये लावलासुद्धा, पावसाचं पाणी मोजून घातलं, कुंडी खिडकीत ठेवली. चौकात चहा वाटला. पोस्टमन, दूधवाला, सगळे येऊन पाहून गेले. कोंब वाढला, पात झाली, पातीला पात फुटली. झडप मात्र कुठं दिसेना.

आता, ज्यानं सगळी उमेद झाडांत घालवली त्याला लसणाची पात ओळखता येऊ नये, हे शक्य नाही. आप्पा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी हॉटेलात कुणीतरी मुद्दाम विचारलं, "काय ओ आप्पा, माशीखाऊ लसणासारखा का दिसतोय?" आप्पांनी बशीतला चहा संपवला, मिशा पुसल्या आणि शांतपणे म्हणाले, "थंडीत ठेवलं की झाड शाकाहारी होतं."

फेब्रुवारीच्या मध्यावर आक्कांनी आल्याचा डबा उघडला. खरं पोर बाहेर आलं, मातीत लागलं, आणि आठ दिवस सावलीत, मग हळूहळू उन्हात गेलं. एप्रिलमध्ये त्याला नखाएवढ्या लालबुंद झडपा आल्या. तीन महिने कुणीही काहीही न केल्याचा तो परिणाम होता. आप्पांनी वहीत त्याचं श्रेय पद्धतशीर तपासणीला दिलं आहे. त्याच लसणाच्या पातीचा ठेचा इंद्रायणीच्या गरम भाताबरोबर त्यांनीच खाल्ला, आणि चवीबद्दलही नोंद केली.

गाव मात्र या प्रकरणातून एक गोष्ट शिकलं. आप्पांसारख्या माणसाला "हात लावू नका" म्हणणं हे पाण्याला वाहू नको म्हणण्यापैकी आहे. त्याला हात लावायला काहीतरी द्यावं लागतं, आणि ते जे असेल त्याला आता आमच्याकडे लसूणच म्हणतात. पुढच्या लग्नसराईत एका घरच्या मांडवात आप्पा सकाळीच हजर झाले आणि आचाऱ्याच्या पातेल्यांकडे बघू लागले, तेव्हा वधूपित्यानं पुढं होऊन हात जोडले, "आप्पा, खुर्च्या मोजायच्या राहिल्यात. तुमच्याशिवाय कुणाला जमणार?" आप्पांनी खुर्च्या मोजल्या, लाल वेगळ्या, पांढऱ्या वेगळ्या. जेवण वेळेवर झालं, मसालेभाताची वाफ शेवटपर्यंत टिकली. यात्रेच्या वेळी पालखीच्या मार्गाची आखणी चालली असताना त्यांना आदल्या वर्षीच्या पावत्यांचा क्रम लावायला बसवलं. शाळेच्या सहलीत त्यांनी डब्यांना आकडे घातले. प्रत्येक ठिकाणी काम उत्तम झालं, आणि ज्याला खरोखर सवड हवी होती त्याला ती मिळाली.

तरीही आप्पांची चेष्टा करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. हिवाळ्यात रात्री अडीचला उठून, टॉर्च घेऊन, एवढ्याशा कुंडीपाशी कुणी जातं का? झाड जगलं ते आक्कांच्या न बघण्यामुळं, हे खरं. पण ते झाड मरेल या भीतीनं झोप उडालेलं माणूस त्या घरात एकच होतं.

यंदा दिवाळीचा फराळ संपला. नात आली, तिनं गड्डा धुतला, पानं कापली, शेवाळ भिजवलं. आक्कांनी आल्याचा डबा रिकामा करून कोरडा पुसून ठेवला. एवढ्यात आप्पा नवी वही आणि जुना थर्मामीटर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. भाजीच्या खणाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. फ्रिजच्या वरच्या कप्प्याकडे बोट दाखवून म्हणाले, "माझी पिशवी भरलीस का? आणि यंदा जरा मोठ्या पाकळ्यांचा घाल. मागच्या वर्षीचा लवकर उठला."